मायना नसलेलं पत्र

कुणी मला म्हणालं, "अहो, तुमचा मेल स्पॅममध्ये गेला होता, म्हणून बघितला नाही," की माझं डोकंच फिरतं. समोरचा बिचारा खरंही बोलत असेल. असू दे. परवा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं हेच सांगितलं आणि मी त्याला असं काही बोलले, की दुसऱ्या दिवशी त्याची बायको जिन्यात भेटली तरी माझ्याकडे बघेना. कारण सांगत बसले नाही. कारण सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागते.

बाबा मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. सगळी नोकरी तिथेच. निवृत्त झाल्यावर नाशिकला इंदिरानगरात छोटं घर बांधलं, आणि आई ते घर जेमतेम वर्षभर वापरून गेली. माझं लग्न झालं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी सांगणार नाही. मी नाशिकरोडला बँकेत होते. दादा माझ्यापेक्षा मोठा. तो नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सॉफ्टवेअरच्या लाटेत अमेरिकेला गेला. घरात उरलो मी आणि बाबा.

बाबांना पत्रं लिहायचं वेड होतं. वेड म्हणजे कसं, तर पत्र हे त्यांच्या लेखी एक काम होतं आणि प्रत्येक कामाला रीत असते. वर मधोमध 'श्री'. मग मायना. मुलाला असेल तर 'चिरंजीव यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुझे क्षेम कळवीत जावे. लिहिण्यास कारण की,' आणि मग जे काय असेल ते. घरात पाणी येत नसो, मला टायफॉइड झालेला असो, आई आणि त्यांच्यात महिनाभर अबोला असो, इकडील सर्व क्षेमच. मी लहानपणी त्यांना चिडवायची, की खोटं का लिहिता? ते म्हणायचे, अगं, ती बातमी नाही, तो नमस्कार आहे.

मायना नसलेलं पत्र मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. मनमाडला क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा पोस्टमननं एक कार्ड दिलं. वर 'श्री' नाही, आशीर्वाद नाही, नमस्कार नाही, एकदम मजकूर. बाबांनी ते फाटकापाशी उभ्या उभ्या वाचलं, तिथेच फाडलं, तुकडे गटारात टाकले, पाय धुतले आणि मग आत येऊन आईला सांगितलं की तिचा भाऊ गेला. मरणाची खबर अशी लिहायची असते आणि ती घरात ठेवायची नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

दादा गेल्यावर सुरुवातीला एअरमेलची निळी पाकिटं जायची. पोचायला दोन-तीन आठवडे. मग कॉलेज रोडला सायबर कॅफे निघाले आणि दादानं फोनवर सांगितलं की बाबा, आता ईमेल करा, मिनिटात मिळतं. बाबा ताबडतोब तयार झाले. म्हातारी माणसं कॉम्प्युटरला घाबरतात म्हणतात. डोंबलाची घाबरतात. बाबा सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि कॅफेत जाऊन बसायचे. एका बोटानं टाइप करायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आणि सगळी अक्षरं कॅपिटल. पार्सलवरच्या चिठ्ठ्या आयुष्यभर तशाच लिहिलेल्या. माल पावसात भिजला, हमालानं आपटला, तरी नाव-गाव वाचता आलं पाहिजे. कॅफेवाला पोरगेलासा, नुकताच बीएस्सी झालेला. तो त्यांना सांगायचा की काका, कॅपिटलमध्ये लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं. बाबा म्हणायचे, अमेरिका लांब आहे, ओरडलेलंच बरं.

पहिली दोनेक वर्षं छान गेली. दादा उत्तरं द्यायचा. चार ओळी, पण द्यायचा. बाबा त्या कॅफेतून छापून आणायचे आणि मला जेवताना वाचून दाखवायचे. मग आम्ही घरीच कॉम्प्युटर घेतला. त्याच सुमारास दादानं कंपनी बदलली, नवं घर घेतलं आणि नवं मेलखातं काढलं. नवा पत्ता कळवला. बाबांनी तो जाड अक्षरात लिहून कॉम्प्युटरवर चिकटवला. त्यानंतर दादाची उत्तरं बंद झाली.

ती बंद झाली असं आम्हाला तेव्हा वाटलं नाही. कारण रविवारी सकाळी त्याचा फोन यायचाच. बाबा विचारायचे, पत्र मिळालं का? तो म्हणायचा, हो हो, वाचलं, छान. एवढंच. बाबांना ते पुरायचं. पोरगा कामात आहे, फोन करतो, वाचतो, अजून काय पाहिजे? मला मात्र खटकायचं. पत्रात बाबांनी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर फोनवर यायचं नाही.

आणि एकीकडे दादाचं उत्तर नाही, तर दुसरीकडे सगळ्या जगाची पत्रं बाबांना यायला लागली. स्पॅम हो. लॉटरी लागली, घड्याळ घ्या, कर्ज घ्या, घरबसल्या पदवी घ्या. पुरुषी ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती तर इतक्या, की मी बँकेत जायच्या आधी बाबांचा मेल उघडून त्या पुसून ठेवायची. मोडेम किरकिर करत जोडलं जायचं, एकेक पत्र उतरायला वेळ लागायचा, आणि उतरून काय, तर हे. एकदा एक माझ्या नजरेतून सुटलं. बाबांनी ते डिक्शनरी घेऊन पूर्ण वाचलं आणि संध्याकाळी मला गंभीरपणे विचारलं, की या लोकांना माझं वय कुणी सांगितलं?

ते पुसून टाकतील तर शपथ. आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं, असं त्यांचं म्हणणं. ते लॉटरीवाल्यांनाही उत्तर लिहायचे. रेल्वेच्या इंग्रजीत, आपले पत्र पावले, मजकूर समजला, मी तिकीट काढलेले नसल्याने बक्षिसावर माझा हक्क नाही. मी कपाळावर हात मारून घ्यायची. उत्तर दिलं की त्यांना कळतं इथे माणूस आहे, मग दसपट येतात, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. ते म्हणायचे, इथे माणूस आहे हे कुणाला कळलं तर त्यात वाईट काय?

त्यातली एक विधवा होती. कुठल्याशा आफ्रिकी देशातली, नवरा मोठा अधिकारी, अपघातात गेलेला, पेटीत अडकलेला पैसा, मदत करा. त्या काळात सगळ्यांनाच ती यायची. बाबांनी तिला सांत्वनाचं पत्र पाठवलं. पैशाबद्दल स्वच्छ लिहिलं की मला नको, पण मुलांना शिकवा. तिचं दुसऱ्या दिवशी उत्तर. मग तिची पत्रं येतच राहिली.

शेवटी मी त्या कॅफेवाल्याला घरी बोलावलं आणि म्हटलं, बाबा रे, याला काहीतरी चाळणी लाव. त्यानं स्पॅम फिल्टर चालू करून दिला. मला वाटलं सुटले. कसलं काय! त्या फिल्टरची अक्कल अशी, की गोळ्यावाले नावं बदलून आत यायचे, विधवा तर मानाच्या पाहुणीसारखी थेट इनबॉक्समध्ये बसायची, आणि मनमाडच्या जुन्या रेल्वे लोकांनी मेळावा ठरवला होता, त्याचं निमंत्रण त्या शहाण्यानं स्पॅममध्ये टाकलं. शंभर जणांना एकदम पाठवलेलं, म्हणून. बाबांना मेळावा होऊन गेल्यावर कळलं. त्यांच्या बरोबरीचे उरले होते ते आधीच बोटांवर मोजण्यासारखे. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

कॅफेवाल्याला बोलावून मी चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, ताई, मशीन आहे ते, त्याला मनमाड काय कळणार? त्याचे काही ठोकताळे असतात. सगळं कॅपिटलमध्ये असलं, भाषा कळली नाही, दर वेळी तीच तीच सुरुवात असली, की त्याला जाहिरात वाटते. मग त्याची नजर बाबांच्या पाठवलेल्या पत्रांच्या यादीवर गेली आणि तो जरा चाचरला. म्हणाला, काका, खरं सांगू का, तुमची पत्रंसुद्धा तिकडे स्पॅममध्ये जात असतील. सुरुवातीचं ते आशीर्वाद वगैरे काढून टाका ना. एकदम मुद्द्याचं लिहा.

बाबांचा चेहरा असा झाला, की तो पोरगा खुर्चीवरून उठलाच.

"मायना काढून लिहू? मी काय माझ्या मुलाला कुणाच्या मरणाची खबर देतोय?"

त्या रविवारी मी फोन बाबांच्या हातातून घेतला आणि दादाला स्वतः विचारलं, की बाबांची पत्रं तुला मिळतात ना? नक्की? तो म्हणाला, मिळतात गं, का? आवाज असा, की कॉम्प्युटरवर दुसरंच काहीतरी चाललंय. मी म्हटलं, नाही, सहज. विषय संपला. सख्खा भाऊ मिळतात म्हणतोय, आणखी काय शपथपत्र घेऊ त्याच्याकडून?

पुढच्या दिवाळीनंतर बाबांना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग अंघोळ करतानाही. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल, ऑपरेशन मोठं असलं तरी होण्यासारखं आहे, फक्त फार लांबवू नका. मी म्हटलं, लगेच तारीख द्या. बाबा म्हणाले, थांबा, मुलाला लिहितो. तो आला की घेऊ.

मी रिक्षात बसल्या बसल्या म्हटलं, लिहिता काय, फोन करू या आत्ताच. त्यांनी मला तिथेच गप्प केलं. फोनवर म्हातारा माणूस ये म्हणाला की ते रडगाणं होतं, असं त्यांचं मत. ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे हो तरी म्हणावं लागतं नाहीतर खोटं तरी बोलावं लागतं. पत्रात तसं नसतं. पत्र वाचून माणूस विचार करतो, सवडीनं ठरवतो, त्याची आणि आपली दोघांची लाज राहते. आणि मला बजावलं, की माझं मी लिहीन, तू मध्ये पडायचं नाहीस.

त्यांनी लिहिलं. मी मागे उभी होते. एका बोटानं, कॅपिटलमध्ये, श्री, चिरंजीव यास अनेक उत्तम आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम. मधे दम लागला म्हणून दोनदा थांबले. मी पाठ चोळून दिली.

रविवारी फोन आला. बाबांनी विचारलं, पत्र वाचलंस? तो म्हणाला, हो, वाचलं. बाबा म्हणाले, मग कसं काय? तो म्हणाला, बघतो बाबा, इकडे कामाची फार गडबड आहे. बाबा म्हणाले, बरं बरं, सवडीनं कळव. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. बघतो म्हणालाय, म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचं काळीज उघडायचंय आणि हा बघतो म्हणतो! तब्येत कशी आहे, एवढा एक शब्द नाही. पुढच्या रविवारी मी त्याच्याशी बोललेच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आता लोक मला सांगतात, तू त्याला स्पष्ट सांगायला हवं होतंस. का? वाचलं म्हणून सांगणाऱ्या माणसाला मी पुन्हा काय वाचून दाखवायला हवं होतं? मला त्याचा काडीचाही पस्तावा नाही.

बाबा मात्र वाट बघत राहिले. दर आठवड्याला एक पत्र. दुपारी मोडेम जोडायचे, मेल उघडायचे, आणि त्या गोळ्या, कर्जं आणि घड्याळं यांच्यातून एकेक ओळ बोट ठेवून खाली जायचे, न जाणो पोराचं पत्र मधे कुठे दबलं असेल. मग स्पॅमचा कप्पा उघडून तोही तपासायचे. इतकं तपासून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, काय ठरलं? बाबा म्हणायचे, उत्तर येऊ द्या. डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी भिंतीकडे.

मी भांडले, रडले, जेवणाचं ताटसुद्धा एकदा सरकवून दिलं. ते म्हणाले, अगं, मी टेबलावर गेलो आणि परत आलो नाही, तर निदान भेट तरी झालेली असावी. एवढंच आहे माझं. ऑपरेशनला मी घाबरत नाही.

एके दिवशी मी बँकेतून आले तर ते कॉम्प्युटरसमोर बसून होते. विधवेचं पत्र आलं होतं. बरेच दिवसांत आपलं उत्तर नाही, आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा करते, असं काहीतरी तिनं लिहिलं होतं. तिनं म्हणजे कुठल्या तरी खोलीत बसलेल्या भामट्यानं, हजार लोकांना एकदम. ते मला माहीत होतं, त्यांनाही एव्हाना माहीत होतं.

"हिला निदान विचारायचं तरी कळतं," बाबा म्हणाले.

फेब्रुवारीत ते गेले. सकाळी चहा पिऊन पेपर उघडला आणि तशीच मान टाकली. दवाखान्यात नेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

मी दादाला फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज, निरोप ठेवा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. निरोप काय ठेवू मशीनला? शेजारच्या बायका बाबांजवळ बसल्या होत्या. मी कॉम्प्युटर चालू केला. त्याचा पत्ता तिथे बाबांच्या अक्षरात चिकटवलेला होताच. सवयीनं 'श्री' लिहायला गेले आणि हात थांबला. श्री नाही. आशीर्वाद नाही. कॅपिटल नाही. बारीक अक्षरांत दोनच वाक्यं लिहिली. बाबा गेले. निघून ये.

उत्तर लगेच आलं. मी अजून खुर्चीवरून उठलेही नव्हते. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघत बाबा त्या खुर्चीवर बसले, ते दादाचं उत्तर. त्यानं लिहिलं होतं, काय सांगतेस, असं अचानक कसं झालं?

अचानक! तो शब्द मी अजून गिळू शकलेले नाही.

अग्नी मी दिला. दोन-चार म्हाताऱ्यांनी कुजबुज केली, करू दे. दादा दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचला. रडला. खोटं नाही सांगत, पुष्कळ रडला. पण आलेल्या प्रत्येकाला तो एकच सांगत होता, मला कुणी काही कळवलंच नाही हो, झडपेचं मला माहीतच नव्हतं. आधी मी ऐकून घेतलं. मग मावशीनं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं, तेव्हा मी त्याला दंडाला धरून बाबांच्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाबांची पाठवलेली पत्रं त्याला दाखवली. आठवड्याला एक.

तो म्हणाला, यातलं एकही मला आलेलं नाही. मी म्हटलं, मग दर रविवारी वाचलं, वाचलं म्हणत होतास ते काय होतं? तो म्हणाला, "मला वाटलं नेहमीचंच असेल. वाचलं नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

मग स्वतःचं खातं उघडून म्हणाला, स्पॅममध्ये गेलं असणार. तिथेच होतं. जुनी सगळी त्या फिल्टरनं महिना उलटला की आपोआप पुसलेली. शेवटची तीन-चार तेवढी उरली होती. वर एक लॉटरी, खाली गोळ्या, मधे बाबा. प्रत्येकाची सुरुवात तीच, कॅपिटलमध्ये, चिरंजीव यास अनेक उत्तम आशीर्वाद. जगातल्या कुठल्याच भामट्यानं त्याला इतके आशीर्वाद पाठवले नसतील. आणि त्या यंत्राला नेमके तेच खटकले.

त्यानं शेवटचं उघडलं. इकडील सर्व क्षेम. लिहिण्यास कारण की, डॉक्टर तारीख मागत आहेत. तू आल्यावर देऊ असे सांगितले आहे. सवड नसल्यास तसे कळवावे. राग नाही. म्हणजे वाट पाहणार नाही व ऑपरेशन उरकून घेईन.

म्हणजे नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं, मी म्हटलं. एक 'नाही' लिहिलं असतंस तरी ते आज असते.

मग त्यानं माऊस सरकवला आणि पत्राच्या वरचं, हे स्पॅम नाही, असं सांगायचं बटण दाबलं. का दाबलं ते त्यालाच ठाऊक. काहीतरी करायचं म्हणून दाबलं असेल. यंत्रानं निमूटपणे पत्र उचलून इनबॉक्समध्ये ठेवलं आणि खाली एक ओळ दाखवली, की या पत्त्यावरून येणारी पत्रं यापुढे थेट इनबॉक्समध्ये येतील.

"आता बघ तू वाट," मी म्हटलं, आणि बाहेर बसलेल्या लोकांना चहा करायला गेले.